फार्महाऊसला देऊ का? साखळीवरून सोडवलेल्या लॅब्रॅडॉरचं पुढे काय करायचं

प्रश्न:

ताई, मी साताऱ्यात राहते, शाळेत शिकवते. आमच्या मागच्या गल्लीत एक बंगला आहे, मालक दीड वर्षापूर्वी मुलाकडे हैदराबादला गेले आणि त्यांचा लॅब्रॅडॉर टायगर तिथेच राहिला, मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीपाशी, साखळीला. वॉचमन सकाळी येऊन भाकरी टाकायचा, पाणी कधी असायचं कधी नसायचं. पाऊस सुरू झाल्यावर त्याच्या मानेचा वास यायला लागला, मग मला राहवलं नाही, वॉचमनला म्हटलं मी नेते, तो म्हणाला न्या बाई, माझी कटकट गेली. दोन आठवडे झाले, आता तो आमच्याकडे आहे. पट्टा मानेत रुतला होता, डॉक्टरांनी कापून काढला, ड्रेसिंग चालू आहे. वय सहा-सात असेल म्हणतात. चार दिवसांपूर्वी जखम पुसताना त्याचा दात माझ्या मनगटाला लागला, रक्त नाही आलं, नुसतं खरचटलं. सासूबाईंना दमा आहे, मिस्टर म्हणतात महिनाभर ठीक आहे, पुढे नाही. स्टेटस टाकलं तर तीन फोन आले. एक वाईजवळच्या फार्महाऊसवाल्यांचा, त्यांना राखणीला हवाय, रविवारी न्यायला येतो म्हणाले. दुसऱ्यांनी विचारलं प्युअर आहे का, मेटिंगला चालेल का. तिसरं पुण्यातलं एक तरुण जोडपं, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि इतके प्रश्न विचारतात की मला वाटतं त्यांचं काही खरं नाही. फार्महाऊसवर मोकळी जागा आहे, सुखात राहील असं वाटतं. देऊन टाकू का? आणि आपणच आणला आणि आपणच देतोय म्हणून रात्री अपराधी वाटत राहतं.

उत्तर:

बाई, कुत्र्याचं नंतर बोलू, आधी तुमचं मनगट. रक्त आलं नाही म्हणजे काही झालं नाही असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात, पण रेबीजच्या हिशोबात रक्त न येता नुसतं खरचटणं ही दुसरी कॅटेगरी आहे आणि तिलाही लस लागतेच, रक्त आलं तर तिसरी, तेव्हा लसीबरोबर जखमेत सीरमपण देतात. हा कुत्रा दीड वर्ष उघड्यावर बांधलेला, त्याची लस कधी झाली कुणाला माहीत नाही, त्याच्या ताटलीतलं खायला गल्लीतली कुत्री येत असणारच, तेव्हा उद्या शाळेत उशिरा जा पण आधी सिव्हिल हॉस्पिटलला जा. कातडीतली लस असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दंडात स्नायूत देतात ती असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८, ० म्हणजे पहिला डोस घ्याल तो दिवस. खरं तर दात लागल्या लागल्या वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं असतं, नसेल धुतलं तर आत्ता धुवा, आणि कुणी हळद चुना तिखट सांगितलं तर ऐकू नका. दात लागल्यापासून १० दिवस कुत्रा ठणठणीत राहिला तर त्या दातातून रेबीज आलेला नाही असं म्हणता येतं, पण आधी १० दिवस बघू आणि मग ठरवू असं करायचं नाही, लस सुरू करायची आणि कुत्र्यावर लक्ष ठेवायचं, पुढचे डोस घ्यायचे की थांबवायचे ते डॉक्टर सांगतील.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्ही विचारलीच नाही. वॉचमन न्या म्हणाला, पण कुत्रा वॉचमनचा नाही. कायद्याने पाळलेलं जनावर ही मालकाची मालमत्ता असते, उद्या तुम्ही त्याला कुणाला देऊन टाकलात आणि दिवाळीला मालक परत येऊन म्हणाले आमचा कुत्रा चोरला, तर तुम्ही आणि ज्यांनी घेतला ते, दोघंही अडकाल. म्हणून कुणालाही हो म्हणायच्या आधी मालकांना फोन लावा. आणि फोनवर भांडू नका, तुम्हाला खूप बोलावंसं वाटेल तरी नाही. "काका, तुमच्या टायगरच्या मानेला इन्फेक्शन झालं होतं, आम्ही दवाखान्यात नेलंय, तुम्हाला तिथून बघणं अवघड जातं हे कळतंय, त्याला चांगलं घर बघून द्यायची आमची तयारी आहे, तुमची परवानगी हवी," बास. शंभरातले नव्वद मालक अशा फोनवर सुटकेचा श्वास टाकतात, त्यांनाही ते ओझं नकोच असतं, फक्त कुणी दोष देऊ नये एवढंच हवं असतं. मग त्यांच्याकडून चार ओळी लिहून घ्या की मी हा कुत्रा स्वखुशीने अमुक यांच्या ताब्यात देत आहे, यापुढे त्याच्यावर माझा हक्क राहणार नाही, ते त्याला दत्तक देऊ शकतात, खाली तारीख आणि सही, आणि कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या म्हणजे त्यांच्या नंबरवरून आल्याची नोंद राहते.

नाही म्हणाले तर? तर १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये कुत्रा कायम साखळीला बांधून ठेवणं, पुरेसं खाणंपिणं आणि निवारा न देणं, वाऱ्यावर सोडून जाणं हे सगळं गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. दंड वाचाल तर हसाल, पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. पण लोक ५० रुपयांना घाबरत नाहीत, पोलीस चौकीतून फोन येण्याला घाबरतात, आणि तेवढं पुरतं. त्यामुळे पट्टा कापतानाचे फोटो, दवाखान्याची बिलं, डॉक्टरांनी केसपेपरवर काय लिहिलंय ते, सगळं तारखेसकट जपून ठेवा. लागणार नाही बहुतेक, पण ठेवा.

आता फार्महाऊस. माझं सरळ मत सांगते, देऊ नका. तुमच्या डोळ्यासमोर हिरवळ आहे आणि त्याच्यावर पळणारा लॅब आहे हे मला कळतंय, पण त्यांनी तुम्हाला कुत्रा हवाय असं सांगितलं नाही, राखण हवी आहे असं सांगितलं. मालक शनिवार-रविवार येणार, बाकीचे दिवस गडी असणार, गड्याला त्याची दहा कामं, आणि राखणीचं कुत्रं मोकळं सोडलं तर ते रस्त्यावर जातं, शेजारच्याच्या कोंबड्या धरतं, मग तक्रारी येतात, मग गेटपाशी खुंटा ठोकला जातो. बंगल्याच्या टाकीपासून सुटून गेटच्या खुंट्याला गेला, फरक काय पडला, समोर डोंगर दिसतो एवढाच. त्यात लॅब राखणीला अगदीच निकामी, चोर आला तर त्याच्या पिशवीत डबा आहे का ते बघायला जाईल. मग महिन्याभरात "हा काही कामाचा नाही" होतं आणि तो तिथूनही कुठेतरी जातो, कुठे ते तुम्हाला कुणी सांगणार नाही.

आणि बिबट्या. आपल्याकडे हे हसण्यावारी नेतात म्हणून मुद्दाम सांगते. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या बाजूला, जंगल नाही तर शेतं आणि वस्ती असलेल्या भागात, बिबट्या काय खातो याचा अभ्यास झाला होता, २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, जवळपास ३९ टक्के. मोकळं कुत्रं निदान पळू तरी शकतं, रात्री अंगणात साखळीला बांधलेल्याला तेही नाही. वाईच्या आजूबाजूच्या लोकांना विचारा, कुणाचं ना कुणाचं कुत्रं गेलेलं असतंच.

याचा अर्थ शेतावर कुत्रा सुखी राहतच नाही असं अजिबात नाही हां. ज्या घरची माणसं शेतावरच राहतात, आजी दिवसभर ओसरीवर असते, कुत्रं तिच्या पायाशी झोपतं आणि रात्री दार लावताना आत घेतात, असं घर मिळालं तर पुण्यातल्या कुठल्याही फ्लॅटपेक्षा मी ते आधी निवडेन. जागा किती आहे हे विचारूच नका, रात्री हा कुठे झोपणार हे विचारा. वाईवाल्यांनाही विचारून बघा, लगेच उत्तर येईल, "बाहेर, शेड आहे ना."

मेटिंगवाल्यांबद्दल जास्त लिहीत नाही, त्यांना नाही म्हणा आणि नंबर ब्लॉक करा. आणि तो विषयच संपवायचा असेल तर याची नसबंदी करूनच द्या, म्हणजे प्युअर आहे का विचारणारे आपोआप गळतील. मात्र लगेच नाही, आधी रक्ताचे रिपोर्ट नीट येऊ देत.

रक्तावरून आठवलं, तुम्ही गोचिडांचं काही लिहिलं नाहीत पण दीड वर्ष उघड्यावर म्हणजे असणारच, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात बघा. त्यातून टिक फीव्हर होतो, कुत्रा मलूल पडतो, हिरड्या पांढुरक्या दिसतात, कधी नाकातून रक्त येतं, रिपोर्टमध्ये प्लेटलेट खाली गेलेल्या असतात. डॉक्टर बहुतेक वेळा डॉक्सीसायक्लीन देतात, चार आठवडे, आणि आठवड्यात कुत्रा उड्या मारायला लागतो म्हणून लोक गोळ्या बंद करतात, तसं करू नका, कोर्स पूर्ण करा. गोचीड काढून दगडाने चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. अंगावर खरूज असेल तर कुणीतरी गाडीचं जळकं ऑइल लावायला नक्की सांगेल, आपल्याकडे हा सल्ला प्रत्येक गल्लीत मिळतो, लावू नका, तो ते चाटतो आणि विष पोटात जातं. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्याही नाहीत, आयबुप्रोफेन तर अजिबात नाही, कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि किडनी जाते. पावसाळ्यात मानेच्या जखमेला परत वास आला किंवा एखादं बारीक भोक दिसलं तर अळ्या पडल्या असं समजा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

खायला दूध-पोळी देत असाल तर थांबवा. प्रेमापोटी सगळे तेच देतात, पण मोठ्या कुत्र्याला दूध बरेचदा पचत नाही आणि उपाशी राहिलेल्या कुत्र्याला तर जुलाब ठरलेले. मऊ भात, उकडलेलं बिनमसाल्याचं चिकन किंवा अंडं, थोडा लाल भोपळा, कांदा-लसूण नाही, शिजवलेली हाडं नाहीत, आणि दिवसातून चार वेळा थोडं थोडं. तो कायम अजून मागेल, लॅब आहे तो, तुम्ही डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, वजनकाट्यावर ठेवा. खाताना ताटलीत हात घालायचा नाही, डोकं कुरवाळायचं नाही, घरात लहान मुलं असतील तर त्यांना हे दोनदा सांगा, कारण ज्याला दिवसातून एकदाच भाकरी मिळत होती त्याला कुणी जवळ आलं की ती जाणार असंच वाटतं.

अजून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल कदाचित. साखळीवरचा कुत्रा सुटल्यावरही पुष्कळ दिवस साखळीच्या मापातच फिरतो, मोकळी खोली दिली तरी एका कोपऱ्यात तेवढाच गोल घेत राहतो, उंबरा ओलांडत नाही. टाइल्सवर पाय घसरतात म्हणून जागीच थरथरत उभा राहतो, नखं वाढून वळलेली असतात, कोपरांवर सिमेंटवर बसून बसून काळे घट्टे पडलेले असतात. कुकरची शिट्टी झाली की लघवी होते. हे सगळं नॉर्मल आहे, वेडा नाहीये तो आणि हट्टीपण नाही. जुनी जाजमं, पायपुसणी, योगा मॅट जे असेल ते जमिनीवर टाका, नखं कापून घ्या, दर दोन-तीन तासांनी बाहेर न्या आणि बाहेर शू केली की तिथल्या तिथे खाऊ द्या, घरात केली तर नुसतं पुसून टाका, ओरडायचं नाही, वर्तमानपत्राची सुरळी तर नाहीच. गळ्यात पट्टा घालू नका, हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, आणा, मान पूर्ण बरी झाली तरी हार्नेसच. कुत्री सोडवणारी मंडळी म्हणतात की पहिले तीन दिवस भीती, तीन आठवड्यांत घराची घडी कळते, तीन महिन्यांत खरा स्वभाव बाहेर येतो. तुमच्याकडे आत्ता दोन आठवडे झालेत, म्हणजे हा कुत्रा नक्की कसा आहे हे तुम्हालाच अजून माहीत नाही, मग दुसऱ्याला काय सांगणार? म्हणून घाई नको. मिस्टरांना महिन्याचे दोन महिने करायला सांगा, पण नुसतं "थोडे दिवस अजून" असं सांगू नका, नसबंदी, लस आणि घर असं काय काय झालं की तो जाणार ते सांगा, घरातल्यांना शेवट दिसला की विरोध निम्मा होतो.

आता राहिलं ते प्रश्न विचारणारं जोडपं. बाई, मला तर तेच आवडले. जो माणूस पाच मिनिटांत हो म्हणतो तो पाच दिवसांत नाही पण म्हणतो, आणि जो खाण्याचं, औषधाचं, एकटा किती तास राहील याचं विचारतो तो मनातल्या मनात त्याला घरात ठेवून बघत असतो. त्यांना फोन करा, त्यांच्या सगळ्या प्रश्नांची खरी उत्तरं द्या, घरात शू करतो हेही सांगा, आणि मग तुमचे प्रश्न विचारा. दिवसा घरी कोण असतं? गणपतीत, दिवाळीत गावी जाता तेव्हा याला कुठे ठेवणार? घरमालक लेखी परवानगी देणार का? (सोसायटी बंदी घालू शकत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच सांगितलंय की बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी आणता येत नाही, पण भाड्याच्या घरात मालकाचा शब्द वेगळा आणि महत्त्वाचा, करार संपला की पहिला बळी कुत्र्याचा जातो.) आणि सगळ्यात कामाचा प्रश्न, याआधी कुत्रा होता का, आणि तो कुठे गेला? म्हातारा होऊन गेला, आजारी होता, औषध केलं, असं सांगताना माणसाचा आवाज बदलतो. "गावाला सोडला", "मित्राला दिला", "पळून गेला" असं पटकन उत्तर आलं की मी पुढे बोलत नाही.

तरी फक्त या एका जोडप्यावर थांबू नका, नीट जाहिरात लिहा. स्टेटसला "लॅब, फ्री" असं लिहिलं असेल तर आजच काढा, त्याच शब्दांनी मेटिंगवाले येतात. दिवसाउजेडी त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसून फोटो काढा, एक बसलेला, एक चालताना, एक माणसाबरोबर म्हणजे आकार कळतो. जखमेचा फोटो नको, त्याने हळहळणारे पन्नास जण येतात आणि नेणारा एकही नाही. वय खरं लिहा, सहा-सात म्हणजे लोक नाक मुरडतील, मुरडू देत, ज्यांना सोफा न कुरतडणारा, शांत, मोठा कुत्रा हवा असतो असे लोक असतात, निवृत्त झालेले, मुलं परदेशी असलेले, फक्त ते रील्स बघत नाहीत, त्यांच्यापर्यंत व्हेटच्या दवाखान्यातला कागद आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांची तोंडओळख पोचते. साताऱ्यातच शोधायचं असंही नाही, पुणं किती लांब आहे? पण नवीन घर कुठेही असो, तुम्ही स्वतः घेऊन जा. हायवेवर ढाब्यापाशी भेटून गाडी बदलायची असा प्लॅन कुणी सांगितला तर नाही म्हणा. घर बघा, बाल्कनीला जाळी आहे का बघा, घरातलं प्रत्येक माणूस समोर बसलेलं असू दे, खास करून जी बाई घरात असते ती, कारण मुलाचा हट्ट आणि नवऱ्याची हौस दोन आठवड्यांत संपते आणि मग सगळं तिच्या गळ्यात पडतं, तिचं मन नसेल तर कुत्रा परत येतो.

द्यायच्या वेळी एका कागदावर दोघांच्या सह्या घ्या. विकायचा नाही, परस्पर कुणाला द्यायचा नाही, बांधून ठेवायचा नाही, आणि नाही जमलं तर कधीही, केव्हाही तुमच्याकडेच परत आणायचा. शेवटचं वाक्य मिस्टरांना आधी वाचून दाखवा. लसीचं कार्ड द्या, पुण्यात महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढायला रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं. पहिले पंधरा दिवस ट्रायल धरा, रोज एक फोटो मागा, नंतर मागू नका, लोक कंटाळतात आणि मग खोटे "मजेत आहे" पाठवतात.

अपराधी वाटण्याचं म्हणाल तर, घरात दम्याचा पेशंट आणि बारा महिने केस गळणारा कुत्रा हे गणित जुळत नाही, सासूबाईंचा पंप वाढला की आठ दिवसांत घरात वाद सुरू होतील आणि ते त्याच्यावर निघतील. तुम्ही त्याला फोस्टर करताय, फोस्टरचं काम एवढंच की माणसाच्या हाताची भीती घालवून त्याला पुढच्या घरी नेऊन सोडणं. जो एक कुत्रा ठेवून घेतो त्याचं घर भरलं, जो देतो त्याच्याकडे पुढच्याला जागा होते, आणि मला काही केल्या वाटत नाही की मागच्या गल्लीतला टायगर हा तुमचा शेवटचा असणार आहे. रडू येईल देताना, येऊ दे, पुण्याहून परत येताना गाडी मिस्टरांना चालवायला द्या.

आता मालकांना फोन लावा. आणि जाहिरातीचा मजकूर लिहून झाला की पाठवा, जास्तीचं काय आहे ते कापून देते.